'सेक्स्टंट' कळत नाही? आधी लेहरा धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही नाशिकला पाच वर्षं तबला शिकताय. कुठूनतरी हर्बी हॅनकॉक या अमेरिकन जॅझ पियानोवादकाचं 'कमिलियन' कानावर पडलं आणि महिनाभर तुम्ही दुसरं काही ऐकलं नाही. मग एका जाणकाराने सांगितलं की या मंडळींचं खरं काम त्याच्या आधीचं आहे, 'सेक्स्टंट' ही रेकॉर्ड ऐक. तुम्ही लावलं आणि दहा मिनिटांत बंद केलं. आता विचारताय की ही रेकॉर्डिंग्ज कुठल्या क्रमाने ऐकावीत, आणि न आवडणं हा तुमच्या कानाचा दोष आहे का.

दोष अजिबात नाही. मी पुण्यात पंचवीस वर्षं बास गिटार वाजवतोय आणि त्यातली पंधरा वर्षं शिकवतोय. 'सेक्स्टंट' पहिल्या बैठकीत बंद करणारे बहुतेक विद्यार्थी पुढे तीच रेकॉर्ड पुन्हा पुन्हा ऐकताना मी पाहिलेत. माझ्या मते अडचण क्रमाची कमी आणि कान कुठे ठेवायचा याची जास्त आहे. आपल्याला गाणं वरून ऐकायची सवय असते, म्हणजे आधी धून, मग शब्द, मग साथ. या संगीतात पाया खाली आहे, बासमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या सुरांच्या ओळीत. 'कमिलियन'मध्ये तुम्हाला जे आवडलं तेही बहुधा खालचंच. 'सेक्स्टंट' लावल्यावर मात्र तुम्ही वर बघत बसलात आणि वरून चित्रविचित्र आवाज येत राहिले.

तुम्ही तबलावाले आहात म्हणून हे एका शब्दात सांगता येतं: लेहरा. सोलो वाजवताना पेटीवाला किंवा सारंगीवाला एकच सुरावट आवर्तनभर, म्हणजे तालाच्या प्रत्येक फेरीत, फिरवत राहतो. ती सुंदर असेल तर बरंच, पण तिचं काम आवर्तन धरून ठेवण्याचं. ती आहे म्हणून तुम्हाला कायदा उलगडता येतो, तीनदा वाजवायची तिहाई बरोबर समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, टाकता येते. या बँडमध्ये बासची ओळ हाच लेहरा. फरक इतकाच की इथे सोलो एकाचा नसतो, सहा-सात जणांचा असतो, आणि पुष्कळदा सगळ्यांचा एकाच वेळी. लेहरा सुटला की हा गोंगाट वाटतो. सापडला की प्रत्येक जण समेपासून किती लांब गेलाय ते ऐकू यायला लागतं.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर ठरतील. तुम्ही कशावर ऐकता? फोनच्या स्पीकरवर असेल तर हे सगळं बोलणं फुकट. बास गिटारची सगळ्यात खालची तार सेकंदाला ४१ कंपनांवर बोलते आणि इतका खर्ज फोनच्या स्पीकरमधून येतच नाही. साधे वायरचे हेडफोन चालतील. दुसरं, तुमच्या घरी काय वाजत आलंय? ध्रुपदाचे आलाप ऐकत वाढलेल्या माणसाला यातला संथ भाग लगेच जवळचा वाटतो आणि फंक, म्हणजे 'कमिलियन'सारखं पाय हलवायला लावणारं संगीत, उथळ वाटतं. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याचं नेमकं उलट. तुम्ही 'कमिलियन'वरून आलात म्हणून मी फंककडून आत नेतोय, दुसऱ्याला कदाचित उलट नेलं असतं. आणि एका बैठकीत सलग वीस मिनिटं मिळत नसतील तर 'क्रॉसिंग्ज' ही रेकॉर्ड, जिच्याबद्दल पुढे सांगतो, सध्या बाजूला ठेवा.

आता माणसं ओळखून घ्या, कारण मी नेहमी रेकॉर्डच्या नावापेक्षा माणसाचा माग काढत ऐकायला सांगतो. हॅनकॉकचे या काळातले दोन बँड आहेत. पहिला १९७० ते १९७३ मधला, 'म्वांदिशी' नावाने ओळखला जाणारा सहा जणांचा. या सगळ्यांनी स्वाहिली नावं घेतली होती. म्वांदिशी हे हॅनकॉकचं, अर्थ लेखक किंवा रचनाकार. बासवर बस्टर विल्यम्स, ड्रम्सवर बिली हार्ट, ट्रम्पेटवर एडी हेंडरसन, ट्रॉम्बोनवर ज्युलियन प्रीस्टर, आणि सॅक्सोफोन, बासरी, बास क्लॅरिनेट असं सगळं सांभाळणारा बेनी मॉपिन. हेंडरसन वैद्यकीचं शिक्षण घेतलेला खराखुरा डॉक्टर, म्हणून त्याचं नाव 'म्गांगा', वैद्य. पुढे पॅट्रिक ग्लीसन सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य, घेऊन आला. हा सॅन फ्रान्सिस्कोत इंग्रजीचा प्राध्यापक होता. हॅनकॉक त्याच्याकडे मूग बनावटीचा सिंथेसायझर लावून घ्यायला गेला, त्याचं वाजवणं ऐकलं आणि म्हणाला, तूच वाजव. हा बँड चालवणं परवडेना म्हणून १९७३ मध्ये मोडला. त्याच वर्षी नवा बँड उभा राहिला, 'हेड हंटर्स'. त्यात जुन्यातला हॅनकॉकखेरीज एकच माणूस उरला: बेनी मॉपिन. म्हणून तुम्ही त्याचंच बोट धरा. दोन्ही घरांत त्याचा वावर आहे.

सुरुवात 'हेड हंटर्स' या १९७३ च्या रेकॉर्डनेच करा, पण आधी एक तपासा. तुम्ही ऐकलेलं 'कमिलियन' किती मिनिटांचं होतं? त्याची तीनेक मिनिटांची कापलेली आवृत्ती बरीच फिरते. मूळ पंधरा मिनिटं एकेचाळीस सेकंदांचं आहे. हे मी अनुभवाने सांगतोय. कॉलेजात मला हे एका मित्राने कॅसेटवर उतरवून दिलं होतं, बाजूच्या शेवटी उरलेल्या जागेत. साधारण सातव्या मिनिटाला टेप संपायची. चार वर्षं मला वाटत होतं की गाणं तिथेच संपतं. पुढे पूर्ण रेकॉर्ड हाती आली तेव्हा कळलं की जिथे माझी टेप तुटायची तिथेच, अर्ध्यावर, ती ओळखीची बासची ओळ थांबते, दुसरी हलकी लय सुरू होते आणि हॅनकॉक इलेक्ट्रिक पियानोवर संपूर्ण वेगळा सोलो उभा करतो. ती पहिली ओळ परत येते ती अगदी शेवटाकडे. पहिल्या भागाची इतकी सवय लागली नसती तर त्या परतण्याला काही किंमत राहिली नसती.

'कमिलियन'वर एक आठवडा घालवा. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिला आठवडा वाद्याला हात लावू देत नाही. फक्त खालची ओळ गुणगुणायची आणि हाताने टाळी. इथे एक चकवा आहे. सुरुवातीची जी जाडजूड ओळ तुम्हाला बास गिटार वाटते ती सिंथेसायझर आहे, एआरपी ओडिसी, हॅनकॉकच्या हाताखालची. खरी बास गिटार पॉल जॅक्सनकडे आहे आणि तो वरच्या सुरांत टोकदार काहीतरी वाजवतोय, सगळे त्याला गिटार समजतात. आणि करकरीत कापल्यासारखा आवाज येतो तो क्लॅव्हिनेट नावाच्या कीबोर्डचा. या संपूर्ण रेकॉर्डवर गिटारवाला नाहीच. हे एकदा कळलं की कान आपोआप थर वेगळे करू लागतो. प्रत्येक वेळी एकाच माणसाला धरून पंधरा मिनिटं ऐका: एकदा सिंथ बास, एकदा जॅक्सन, एकदा हार्वी मेसनचे ड्रम्स. रचनाकार म्हणून या गाण्यावर हॅनकॉक, जॅक्सन, मेसन आणि मॉपिन अशी चौघांची नावं आहेत. एकेकाला धरून ऐकलंत की तसं का, हे पटेल.

त्याच रेकॉर्डवर 'वॉटरमेलन मॅन' आहे. ही हॅनकॉकची १९६२ मधली जुनी धून, इथे ओळखू येणार नाही अशी बदललेली. सुरुवातीला बासरीसारखा जो खेळ ऐकू येतो तो तालवादक बिल समर्स बिअरच्या बाटलीत फुंकून करतोय. एक सूर बाटलीचा, पुढचा त्याच्या गळ्याचा, पुन्हा बाटलीचा. ही पद्धत मध्य आफ्रिकेतल्या बा-बेंझेले लोकांची. तिथे एकसुरी पावा आणि गळा असा आलटून पालटून लावतात, आणि संगीत अभ्यासक सिम्हा अरोम यांनी त्याचं ध्वनिमुद्रण करून ठेवलं होतं. घरी काचेची बाटली घेऊन करून बघा. पाणी ओतत गेलात की सूर चढतो, हवा तितका जुळवता येतो. पण फुंक आणि आवाज यांची अदलाबदल लयीत ठेवणं किती कठीण आहे ते दोन मिनिटांत कळेल. शेवटचं 'व्हेन मेल्टर' सावकाश ऐका. तिथे मॉपिनचा बास क्लॅरिनेट येतो, ओलसर, जमिनीलगत सरपटणारा. हा आवाज मनात साठवून ठेवा. पुढे अनोळखी जागी तोच तुम्हाला भेटणार आहे.

मग १९७४ ची 'थ्रस्ट'. ड्रम्सवर आता माइक क्लार्क. तबलावाल्यासाठी यातलं 'अ‍ॅक्च्युअल प्रूफ' म्हणजे मेजवानी. हा माणूस मोठे ठोके कमी देतो आणि मधल्या जागा अगदी हलक्या, कुजबुजल्यासारख्या काठीने भरतो. आपण ठेक्याच्या बोलांमध्ये दाबून 'तिरकिट' सोडतो ना, तसं. आणि जॅक्सन त्याच्याशी इतका गुंतून वाजवतो की कोण कुणाच्या मागे चाललंय ते सांगता येत नाही. सम दोघांनाही पक्की माहीत आहे, म्हणून दोघेही तिला खुशाल चुकवतात. त्यानंतर १९७५ मध्ये तोक्योत रेकॉर्ड झालेली 'फ्लड' ऐका. प्रत्यक्ष कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आहे, आणि हेच 'अ‍ॅक्च्युअल प्रूफ' हॅनकॉक तिथे साध्या पियानोवर वाजवतो. यंत्रांचे आवाज काढून घेतले तरी ही माणसं काय वाजवत होती हे ऐकायचं असेल तर याहून चांगली जागा मला माहीत नाही. 'मॅन-चाइल्ड' नंतर ऐकलीत तरी चालेल, घाई नाही.

म्हणजे पहिल्या महिन्याला एवढंच पुरे: 'हेड हंटर्स', 'थ्रस्ट', 'फ्लड'. रोज नवी रेकॉर्ड लावू नका. आणि ऐकण्याच्या अ‍ॅपमध्ये उलटसुलट क्रमाने वाजवण्याचं बटण बंद आहे ना ते बघा.

आता मागे वळायचं, पण 'सेक्स्टंट'कडे नाही. आधी १९७१ ची 'म्वांदिशी'. ती १९७० च्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत रेकॉर्ड झाली. पहिली रचना 'ऑस्टिनाटो', उपशीर्षक 'सुइट फॉर अँजेला'. ही अँजेला म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी अमेरिकन कार्यकर्ती अँजेला डेव्हिस, त्या वेळी तुरुंगात होती, पुढे १९७२ मध्ये निर्दोष सुटली. ऑस्टिनाटो या शब्दाचा अर्थच पुन्हा पुन्हा येणारी सुरावट. म्हणजे नावातच लेहरा.

या रचनेची चाल पंधरा मात्रांची. मी ती पंधरा मोजायला धडपडत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या सरावाच्या खोलीत रात्री एक तबलावादक मित्र बसला होता. त्याने जॅझ असं कधी मुद्दाम ऐकलेलं नव्हतं. मी बासवर ही ओळ घोळवत होतो आणि दर चौथ्या-पाचव्या फेरीला घसरत होतो. त्याने डोळे मिटले, मांडीवर बोटं टेकवली, दोन-तीन फेऱ्या जाऊ दिल्या आणि म्हणाला, "अरे, हा तर केरवा आणि त्याच्या पाठीला रूपक." आठ आणि सात. त्याने बोलून दाखवलं: धा गे न ती, न क धि न, आणि लगेच ती ती ना, धी ना, धी ना. ओळ अशी चपखल बसली की मी पुन्हा घसरलो नाही. तुम्हीही असंच मोजा. एक सावधगिरी मात्र घ्या. रूपकात पहिल्या 'ती'वर सम धरायची तुमच्या हाताला सवय असेल, ती इथे विसरायची. सम फक्त केरव्याच्या 'धा'वर, पंधरांतून एकदाच. पंचम सवारी हा तालही पंधराचाच, पण त्याचे खंड इथे लावायला जाऊ नका, ओळ वेगळ्या ठिकाणी वळते.

लेहरा हाताला लागला की वरची मंडळी ऐका. इथे दोन ड्रमर आहेत, बिली हार्ट आणि लिऑन चान्सलर. आणि मॉपिनचा बास क्लॅरिनेट, तोच 'व्हेन मेल्टर'वाला. दुसरी रचना 'यू विल नो व्हेन यू गेट देअर' निवांत, सुरेल आहे. तिसरी, प्रीस्टरची 'वाँडरिंग स्पिरिट साँग', वीस मिनिटांहून लांब. तिच्यात ठेका जवळजवळ विरघळतो आणि पुन्हा गोळा होतो. तिला आलापासारखं वागवा, मोजू नका.

'क्रॉसिंग्ज' १९७२ ची. त्यातलं 'स्लीपिंग जायंट' जवळपास पंचवीस मिनिटांचं, एका बाजूचं सगळं तेच. उरलेल्या दोन्ही रचना मॉपिनच्या. ग्लीसनचं सिंथेसायझर इथून सुरू होतं. वारा, पाणी, यंत्र असं काहीतरी मागून सरकत जातं. त्याला सोलो समजून अर्थ शोधू नका. तानपुऱ्याकडून आपण धुनेची अपेक्षा करत नाही, तसंच हे. फरक इतकाच की हा तानपुरा जागा बदलतो.

आता 'सेक्स्टंट'. १९७३ ची, 'हेड हंटर्स'च्या त्याच वर्षातली. तुम्ही दहा मिनिटांत बंद केलीत म्हणता. पहिली रचना 'रेन डान्स' नऊ मिनिटांपेक्षा थोडी मोठी आहे. ती बरीचशी सिंथेसायझरच्या टपटपणाऱ्या आवाजांची, आणि या सगळ्या रेकॉर्डिंग्जमधला लेहरा सगळ्यात कमी दिसणारा भाग तोच. म्हणजे तुम्ही सगळ्यात अवघड भाग ऐकून काढलात आणि दार उघडायच्या वेळी उठून गेलात. पुढची रचना 'हिडन शॅडोज' आहे, आणि तिच्यात बासची अशी घट्ट घडी आहे की 'कमिलियन' आवडलेल्या माणसाला पाय हलवल्याशिवाय बसता येणार नाही. म्हणून 'सेक्स्टंट' दुसऱ्या रचनेपासून सुरू करा. पहिली शेवटी ऐका.

'हिडन शॅडोज' एकोणीस मात्रांचं आहे. पण हे मोजत बसू नका, निदान पहिले आठ दिवस. माझे जे विद्यार्थी सुरुवातीपासून मोजतात त्यांना आकडा मिळतो आणि चाल हरवते. त्याऐवजी ओळ परत पहिल्या जागेवर येते ती वेळ फक्त ओळखा आणि तिथे मान हलवा. मैफलीत पुढच्या रांगेतले बुजुर्ग बोटांवर न मोजता समेला दाद देतात, ते हेच करत असतात. आठवड्याने कागद घ्या आणि मोजा. तोवर एकोणीस अंगात बसलेले असतील.

तुम्ही आणखी एक विचारलंत, या सगळ्यात तबला कुठे आहे का. आहे, आणि याच माणसांच्या शेजारी. १९७२ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने 'ऑन द कॉर्नर' रेकॉर्ड केली. तिच्यात हॅनकॉक आहे, मॉपिन आहे, बिली हार्ट आहे, आणि त्यांच्यासोबत बादल रॉय यांचा तबला आणि कॉलिन वॉलकॉट यांची सतार. मात्र सोलो तबल्याची अपेक्षा ठेवून जाऊ नका. तबला तिथे गर्दीतल्या एका माणसासारखा आहे, कधी समोर येतो, कधी बुडतो. हेच वॉलकॉट १९८४ मध्ये वारल्यावर 'ओरेगॉन' या त्यांच्या बँडमध्ये आपला मुंबईचा त्रिलोक गुर्टू आला, शोभा गुर्टूंचा मुलगा. तो धागा तुम्हाला पुढे बराच लांब नेईल. पण आधी हा.

कारण 'सेक्स्टंट' पचल्यावर सगळ्यात गोड भाग उरतो. बँडमधल्या माणसांनी आपापल्या नावाने रेकॉर्ड केल्या, त्या फार कमी लोक ऐकतात. हेंडरसनच्या 'रियलायझेशन' आणि 'इनसाइड आउट' म्हणजे जवळजवळ हाच बँड, ट्रम्पेट पुढे ठेवून. प्रीस्टरची 'लव्ह, लव्ह' १९७४ ची. आणि त्याच वर्षीची मॉपिनची 'द ज्युएल इन द लोटस', कमळातला मणी. नावावरूनच 'ओम मणिपद्मे हुम्' आठवेल. बस्टर विल्यम्सने हॅनकॉकला निचिरेन या जपानी बौद्ध पंथाकडे नेलं होतं आणि या मंडळींच्या शीर्षकांत त्या वाटेच्या खुणा सापडतात, 'अ‍ॅक्च्युअल प्रूफ' हे नावही तिथलंच. मॉपिनच्या या रेकॉर्डवर हॅनकॉक, विल्यम्स, हार्ट आणि बाटलीवाला बिल समर्स, सगळे आहेत, आणि कुणीही आवाज चढवत नाही. दोन्ही बँड ऐकून झाल्यावरच लावा. नाहीतर नुसतं शांत संगीत वाटेल आणि कोण कशापासून हात आवरतंय ते कळणार नाही.

आणि 'सेक्स्टंट'वरचं शेवटचं 'हॉर्नेट्स' लावाल, जवळपास वीस मिनिटांचं, तेव्हा मधूनमधून गांधीलमाशा घोंगावल्यासारखा आवाज येईल. तो सिंथेसायझर समजू नका. मॉपिनने तिथे हमाझू नावाचं एक खेळण्यासारखं वाद्य तोंडात धरलंय. आत गुणगुणलं की पातळ पडदा थरथरतो. लहानपणी कंगव्यावर कागद धरून आपण वाजवायचो, त्याच जातीचं. त्याच्या खाली बस्टर विल्यम्सची ओळ चाललेली असेल, ती धरा आणि मग त्या माशा ऐका.